घोड्यांच्या कुरणातील विषारी तणे: कोणते आधी काढावे आणि कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोर तालुक्यात साडेचार एकर जमीन आहे, तिच्यावर दोन मारवाडी घोड्या आणि वर्षाचे एक शिंगरू आहे. कुरणात गाजर गवत माजले आहे, बांधावर घाणेरी आहे आणि फाटकापासून घरापर्यंत रस्त्याच्या दुतर्फा कण्हेर लावलेली आहे. एका घोडीची नाकावरची आणि पांढऱ्या पायांवरची कातडी दिवाळीपासून भाजल्यासारखी सोलते आहे. शेजाऱ्यांनी ग्लायफोसेट हे तणनाशक मारून सगळे एकदाच साफ करण्याचा सल्ला दिला आहे. हे काम पावसाळ्याच्या आत उरकावे काय, असे आपण विचारले आहे.

फवारणीचा पंप तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. पुणे जिल्ह्यात घोड्यांच्या कुरणांची कामे करताना मला बहुतेक मालकांची एकच चूक दिसत आली आहे. तण जेवढे डोळ्यांत भरते तेवढे ते धोक्याचे, असे धरून ते कामाला लागतात. गाजर गवत रस्त्यावरूनही दिसते, म्हणून पहिला हल्ला त्याच्यावर होतो, मजुरीचे पैसे तिथेच संपतात आणि ज्याने घोडे मरते ते झाड फाटकाशी फुलत राहते. आपल्या जमिनीसाठी मी लावलेला क्रम असा आहे: प्रथम कण्हेर, मग खुळखुळा हे रानझुडूप, त्यानंतर घाणेरी आणि शेवटी गाजर गवत. खुळखुळ्याचा आपण उल्लेखही केलेला नाही, परंतु घोडीच्या कातडीचे वर्णन वाचून मला पहिला संशय त्याचाच आला.

घोडा विषारी झाड मुळात खातो का, हे आधी समजून घेतले पाहिजे. पोटभर चांगले गवत मिळणारे जनावर घाणेरीला किंवा रुईला सहसा तोंड लावत नाही; वास आणि कडवटपणा त्याला पुरेसा इशारा देतात. चारशे किलो वजनाच्या घोडीला दिवसाला साधारण आठ किलो सुका चारा लागतो. आपल्याकडच्या जिरायत कुरणात पौषानंतर एवढा चारा उभा राहत नाही. फाल्गुन-चैत्रात गवत वाळून जमिनीला टेकते आणि रानात हिरवे म्हणून जे उरते ते नेमके कण्हेर, घाणेरी, रुई, एरंड आणि ओढ्याकाठचे बेशरम असते. त्यातच घोड्याला वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही जबड्यांत पुढचे दात असल्यामुळे तो गवत अगदी मुळाशी कुरतडतो, जमीन उघडी पडते आणि पुढच्या पावसात त्या उघड्या जागेवर तणच आधी उगवते. घोड्याला ओकारी करता येत नाही, त्यामुळे एकदा गिळलेले पोटातच राहते. म्हणून उन्हाळ्यात घोड्यांना रिकाम्या पोटी कुरणात कधीही सोडू नये. सकाळी ठाणावर निम्मी वैरण खाऊ घालून मगच बाहेर काढावे. तण एक काडीही न उपटता कमी होणारा धोका हा एवढा आहे.

दुसरी गोष्ट तोडलेल्या तणाची. हिरव्या झाडाचा जो उग्र वास आणि कडूपणा घोड्याला दूर ठेवतो, तो पाने कोमेजली की बराच ओसरतो. विष मात्र तसेच राहते. तणनाशक मारल्यावरही हेच होते, कारण मरू लागलेले झाड काही दिवस जनावराला एरवीपेक्षा अधिक रुचकर लागते. त्यामुळे साफसफाईला सुरुवात केल्यापासून तोडलेला शेवटचा ढीग कुरणाबाहेर जाईपर्यंतचे दिवस हे संपूर्ण वर्षातले सर्वांत धोक्याचे असतात. काम तुकड्यातुकड्याने करावे आणि ज्या तुकड्यात कोयता चालू आहे तिथे घोडे नसावे.

आता कण्हेर. तांबडी, पांढरी, गुलाबी आणि पिवळी बिट्टीची, या सर्व प्रकारांत हृदयावर काम करणारी विषे असतात आणि ती पाने, साल, फुले, बिया अशा सगळ्या भागांत असतात. चारशे किलोच्या घोडीला वाळलेली वीस ग्रॅमच्या आसपास पाने प्राणघातक ठरू शकतात; म्हणजे ओंजळही भरत नाही. काही वर्षांपूर्वी मुळशीकडच्या एका फार्मवर मला पहाटे बोलावणे आले होते. शेजारच्या बंगल्यात लग्न होते, म्हणून आदल्या दिवशी माळ्याने कण्हेरीचे कुंपण छाटले होते आणि फांद्यांचा भारा तारेपलीकडे घोड्यांच्या बाजूला टाकला होता. त्याच्या समजुतीने तो मुक्या जनावरांना हिरवा चारा देत होता. मी पोहोचलो तेव्हा एक घोडी मेलेली होती आणि दुसरी घामाने निथळत, पोट दुखल्यासारखी मागे वळून पाहत उभी होती. तिची नाडी जबड्याखाली बोटांनी पाहिली तर तीन ठोके, मग मोठी पोकळी, मग घाईघाईने दोन ठोके अशी चालली होती. ती वाचली, पण त्यात आमच्या हुशारीचा भाग थोडा आणि तिने कमी खाल्ल्याचा भाग मोठा होता.

तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा असलेली आपली कण्हेर, ती कितीही शोभिवंत असली तरी, याच महिन्यात मुळासकट काढून टाकावी. खोड कापून भागत नाही, कारण बुंध्यातून पुन्हा कोंब फुटतात. पहार आणि कुदळ घेऊन मुळाचा गड्डा काढावा, फांद्या ताडपत्रीवर गोळा कराव्यात म्हणजे पाने सांडत नाहीत आणि सगळे खोल खड्ड्यात पुरावे. कण्हेर जाळू नये, कारण तिचा धूरही त्रासदायक असतो. पूजेला फुले हवी असतील तर एक झाड घराच्या आत, घोड्याची मान पोहोचणार नाही अशा जागी ठेवण्यास हरकत नाही. आमच्या घरी ते तसेच आहे. मात्र त्याची छाटणी कोणाच्या हाती द्यायची आणि छाटलेले कुठे जाते याकडे घरातल्या कोणीतरी एकाने नेमाने लक्ष ठेवावे.

खुळखुळ्याविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण आपल्या भागात त्याची ओळख कमी आणि नुकसान जास्त आहे. तागाच्या जातकुळीतली ही झुडपे असून सह्याद्रीच्या उतारावर आणि पडीक रानात त्यांच्या अनेक जाती आहेत. काही भागांत घागरी असेही म्हणतात. फुले पिवळी, वाटाण्याच्या फुलासारखी. शेंग फुगीर, बोटाच्या पेराएवढी किंवा थोडी मोठी. वाळली की आतल्या बिया सुटतात आणि हलवल्यावर वाजतात, त्यावरूनच नाव पडले. सर्व जाती सारख्या विषारी नसतात, पण रानात उभे राहून जात ठरवणे सोपे नाही, म्हणून घोड्याच्या चाऱ्यात कोणताच खुळखुळा नसावा असे धरून चालावे. हिरवळीच्या खतासाठी पेरलेल्या तागाचे बीही घोड्याच्या दाण्यात येऊ देऊ नये.

यातील विषारी द्रव्ये, ज्यांना पायरोलिझिडीन अल्कलॉइड म्हणतात, यकृतात गेल्यावर तिथल्या पेशींची नवी पिढी तयार होण्याची क्रियाच बंद पाडतात. पेशी फुगून मोठ्या होतात, पण दुभंगत नाहीत; जुन्या मरतात आणि त्यांच्या जागी चिवट तंतू भरत जातात. म्हणून हे विष एका दिवसात दिसत नाही. खाल्ल्यानंतर कित्येक आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, घोडे सुकू लागते, सारखी जांभई देते, भिंतीला डोके टेकून उभे राहते किंवा कारण नसताना चालतच राहते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील किंबर्ले भागात खुळखुळ्यामुळे होणारा घोड्यांचा रोग अशा भटकण्यावरूनच ओळखला जातो. दिवाळीत कातडी सोलू लागली म्हणून दिवाळीत काय खाल्ले एवढेच शोधून भागत नाही. मागच्या उन्हाळ्यात कोणत्या डोंगरावरचे गवत विकत घेतले होते, ते आठवावे लागते.

कातडीचा आणि यकृताचा संबंध असा आहे. गवतातील हरितद्रव्य पचताना फायलोएरिथ्रिन नावाचे द्रव्य तयार होते आणि निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृत दुबळे झाले की ते रक्तात साठते, कातडीपर्यंत पोहोचते आणि तिथे ऊन लागले की कातडी जळते. काळ्या कातडीला रंगद्रव्याचे संरक्षण असते, पांढऱ्या केसांखालच्या गुलाबी कातडीला नसते. म्हणून आपल्या घोडीच्या नाकावरच्या पट्ट्याची कड बोटाने चाचपून पाहावी. पांढरे केस जिथे संपतात तिथेच खपली एखाद्या रेषेसारखी थांबत असेल आणि शेजारची काळी कातडी मऊ व स्वच्छ असेल, तर हे चिखलाने किंवा बुरशीने झालेले नाही, असे समजून त्याच आठवड्यात पशुवैद्याकडून रक्तातील यकृताच्या चाचण्या, विशेषतः जीजीटी (यकृताची इजा दाखवणारे एक विकर), करून घ्याव्यात. नुसता साधा उन्हाचा चटका असण्याचीही शक्यता आहे. चाचणी केल्याशिवाय मी पैज लावणार नाही. घोड्याच्या डोळ्यांत थोडी पिवळी झाक उपाशीपणामुळेही दिसू शकते, म्हणून केवळ डोळे पाहून कावीळ ठरवू नये.

कुरणातला खुळखुळा फुलावर आला की, साधारण भाद्रपदापासून, हाताने उपटावा; मूळ सोटासारखे असते आणि ओल्या जमिनीतून सहज निघते. शेंगा तडकण्याआधी उपटले तर काम सार्थकी लागते, नंतर उपटणे म्हणजे बी पेरणेच होय. परंतु खरा दरवाजा विकतच्या गवताचा आहे. कुरणात उभा असलेला खुळखुळा घोडा बहुधा टाळतो; पेंढीत बांधून आलेला, वाळलेला, इतर काड्यांत मिसळलेला त्याला टाळता येत नाही आणि वाळल्याने त्याचे विष जात नाही. डोंगरी गवताची गाडी आली की दर दहा पेंढ्यांमागे एक फरशीवर मोकळी करून पसरावी. त्याआधी ती कानाशी धरून हलवावी. खुळखुळा असेल तर लहान मुलाच्या खेळण्यासारखा बारीक आवाज येतो. हे हास्यास्पद वाटेल, पण माझ्याकडच्या मोतद्दाराने याच पद्धतीने एकदा सबंध ट्रक परत पाठवायला लावला होता.

याच पाहणीत धोत्र्याची काटेरी बोंडे आणि एरंडाच्या बियाही शोधाव्यात. धोत्र्याने तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि आतड्यांची हालचाल मंदावून पोट फुगते. एरंडाच्या थोड्याशा बियांनीही घोडे दगावते.

घाणेरीची विषबाधा गाईगुरांत जेवढी दिसते तेवढी घोड्यांत दिसत नाही, तरीही तिची विषे यकृतावरच घाला घालतात, त्यामुळे आधीच संशयित यकृताच्या घोडीजवळ ती नको. ती कापून काही साधत नाही, हे आपण अनुभवलेच असेल. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात वापरलेली पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते: झुडपाचे मुख्य मूळ जमिनीच्या पृष्ठभागाखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडायचे आणि झुडूप तिथेच उलटे, मुळे आकाशाकडे करून ठेवायचे. नवे कोंब खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या भागातून फुटतात आणि तोच भाग बाहेर निघाल्यामुळे फुटवा थांबतो. मुरमाड बांधावर चैत्रात हे काम करायला गेलात तर कुदळी बोथट होतील; वळवाचे एक-दोन पाऊस पडू द्यावेत आणि मग लागावे. आपल्याकडे मात्र झुडूप उलटे ठेवायचे ते कुंपणाबाहेर. बुलबुल आणि साळुंक्या हिची फळे खाऊन बी टाकतात, म्हणून पुढची दोन-तीन वर्षे मोठ्या झाडांखाली आणि तारेच्या रांगेत उगवणारी रोपे हाताने काढत राहावे लागते. बेशरमाचे मात्र वेगळे आहे: त्याचा कापलेला प्रत्येक तुकडा ओलीत रुजतो, म्हणून ओढ्यात टाकू नये, खडकावर पसरून पूर्ण वाळवावा.

गाजर गवताची भारतातील पहिली नोंद १९५५ साली पुण्यातच झाली, त्यामुळे आपण त्याचे सर्वांत जुने यजमान आहोत. घोडा ते फारसे खात नाही. त्याचा मुख्य त्रास म्हणजे ते गवताची जागा बळकावते आणि घोड्यांच्या व माणसांच्याही कातडीला पुरळ आणते. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरतात आणि उगवल्यापासून महिनाभरात ते फुलावर येऊ शकते, म्हणून जूनमध्ये एकदा उपटून निश्चिंत होता येत नाही. पावसाळ्यात तीन फेऱ्या धराव्यात, प्रत्येक फुलापूर्वीची. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घातल्याशिवाय मजुरांना या कामाला लावू नये. मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये भारतात सोडलेला झायगोग्रामा भुंगा पावसाळ्यात पाने खाऊन त्याला बराच अडवतो. पानांवर त्याच्या अळ्या दिसल्या तर त्या पट्ट्यात काहीही फवारू नये. उन्हाळ्यात तो जमिनीत झोपलेला असतो, म्हणून दिसत नाही.

या तणावरचे दोन लोकप्रिय उपाय घोड्यांच्या कुरणात करू नयेत. पहिला म्हणजे टाकळा किंवा तरोटा पेरून गाजर गवत दाबणे. रस्त्याकडेला तो चालतो. परंतु टाकळ्याच्या कुळातील कासविंदा घोड्याच्या यकृताला आणि स्नायूंना घातक आहे, आणि कोवळ्या रोपांत कोणते काय हे पेरणाऱ्याला क्वचितच कळते. कोकणात पहिल्या पावसाची टाकळ्याची भाजी आपण आवडीने खातो, म्हणून तो घोड्यालाही चालेल असे समजू नये. दुसरा उपाय पंधरा-वीस टक्के मिठाच्या द्रावणाच्या फवारणीचा. झाड जळते खरे, पण माती खराब होते आणि घोडा मिठासाठी तीच पाने चाटायला जातो.

ग्लायफोसेटबद्दल बोलायचे तर ते गवत आणि तण यांत भेद करत नाही. साडेचार एकरांवर ते मारले की आपले उरलेसुरले मारवेल गवतही जाईल आणि पहिल्या पावसात त्या उघड्या जमिनीवर गाजर गवताचाच गालिचा येईल. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक पेस्ट कंट्रोल चालकांपुरता मर्यादित केला आहे, हे शेजाऱ्यांनी सांगितलेले दिसत नाही. रुंद पानांच्या तणांवर टू-फोर-डी हे तणनाशक चालते आणि गवत वाचते, पण द्राक्ष, टोमॅटो आणि कापूस यांना त्याचा नुसता वारा लागला तरी पाने वेडीवाकडी होतात. शेजारच्या बागेशी भांडण नको असेल तर वारा पडलेला असताना, झाडनिहाय आणि वेगळ्या पंपानेच मारावे. तो पंप पुन्हा भाजीपाल्यावर वापरू नये. फवारलेल्या तुकड्यातील तण पूर्ण वाळून, गोळा होऊन बाहेर जाईपर्यंत आणि लेबलवर दिलेली मुदत संपेपर्यंत, यातील जी वेळ नंतरची असेल तोवर घोडे आत सोडू नये. कुरण पेटवून देण्याची रीतही सोडावी. आगीनंतर घाणेरी बुंध्यातून दुप्पट जोमाने येते.

तण परत न येण्याचा भरवसा गवताच्या दाट आच्छादनाचाच असतो. साडेचार एकरांचे विजेच्या तारेने किंवा बांबूने चार तुकडे करावेत, गवत वीतभर उंचीवर आले की घोडे सोडावे आणि चार बोटे उरले की पुढच्या तुकड्यात हलवावे. लिदीच्या जागी घोडा चरत नाही, तिथे तण उंच होते. म्हणून लीद आठवड्यातून दोनदा उचलावी. उघड्या जागी पावसाच्या सुरुवातीला मारवेलची ठोंबे लावावीत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाण दिलेले आहेत. पवना आणि डोंगरी आपल्या उतारावर आपोआप येतात, त्यांना फक्त दोन पावसाळे विश्रांती लागते. चारा विभागाचे लोक अंजन गवत आणि संकरित नेपियर सुचवतील. गाईसाठी ती उत्तम आहेत, परंतु त्यांतील ऑक्झलेट हे द्रव्य घोड्याला चाऱ्यातील चुना (कॅल्शियम) मिळू देत नाही, हाडे ठिसूळ होतात आणि चेहरा फुगतो. वर गव्हाचा कोंडा चालू असेल तर हे लवकर घडते. बांधावर सुबाभूळही लावू नये, तिच्याने आयाळ आणि शेपटी झडते.

विषबाधेचा संशय आला तर घोड्याला नळीने किंवा बाटलीने तेल, ताक, काढा काहीही पाजू नये. अर्धवट शुद्धीतले जनावर ते फुफ्फुसात ओढते. तोंडातला चारा काढावा, सावलीत शांत उभे करावे, डॉक्टरांना बोलवावे आणि ज्या झाडाचा संशय आहे त्याची फांदी पिशवीत घालून ठेवावी. कोळशाची पूड नाकातून नळी घालून पोटात सोडण्याचे काम डॉक्टरांचे आहे आणि ते पहिल्या काही तासांतच उपयोगाचे असते.

सोलणाऱ्या घोडीला सध्या दिवसा ठाणावर, सावलीत ठेवावे आणि रात्री चरायला सोडावे. तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले निघाले तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त पाहावे, तोवर तिच्यावर स्वारी करू नये. आणि तीच वैरण खाल्लेल्या दुसऱ्या घोडीचे व शिंगराचेही रक्त तपासावे, त्यांची कातडी काळी असल्यामुळे त्यांच्यावर काही दिसत नसेल तरीही. मागच्या वर्षीच्या गंजीत जे गवत उरले आहे, ते तपासल्याशिवाय तिघांपैकी कोणालाही घालू नये.